दोन बुड्या

कात्सुनुमाच्या उतारावर, मे महिन्यात,
तोमिए द्राक्षाचे घड पेल्यात बुडवते.
घड डोक्यावर, मांडवाला उलटे;
ती खाली, मान मागे टाकून.
पेला वर न्यायचा, घड आत घ्यायचा,
हलकेच झटकायचा. पुढचा.
असे बारा हजार.

औषध तसं बिनरंगी. पाण्यात गुलाबी रंग टाकतात
तो एवढ्यासाठी की कोणता झाला, कोणता राहिला
हे उद्या कळावं.
बोटं मात्र जूनपर्यंत गुलाबी राहतात,
आणि बँकेतला नवा कारकून दरवर्षी
पैसे मोजताना नजर चोरतो.

पहिल्या बुडीत घडाला सांगायचं:
बी धरू नकोस.
दुसऱ्या बुडीत, फुलोरा सरल्यावर:
आता फुग.
बी असती तर तिनेच सांगितलं असतं हे,
आतून, फुकट.

चिमूटभर पूड, बादलीभर पाणी.
तिच्या वडिलांनी हीच करणी पाहिली होती, नाव न कळता:
निइगाताच्या खाचरात मधूनच चार रोपं
दोन दिवसांत वीतभर वर निघत,
फिकट, लुकडी, कुणाचं न ऐकणारी.
गावात त्यांना वेडी रोपं म्हणत.
मुळाशी बुरशी काहीतरी पुटपुटते
आणि रोप वाढतच सुटतं,
लोंबी धरायचं विसरून, आडवं होईपर्यंत.
वडील ती उपटून बांधावर टाकत.
थोरला मासातोशी सोळाव्या वर्षी दाराच्या चौकटीला डोकं आपटू लागला
तेव्हा त्याच्याकडेही
ते तसेच पाहायचे.
तो पुढे ओसाकाला गेला.
नवीन वर्षाचं कार्ड येतं. कधी येत नाही.

आज साडेचारला पाऊस आला,
औषध मुरायच्या आत.
वरून गुलाबी थेंब तिच्या कॉलरमध्ये.
तोमिएनं एक शिवी दिली, जी तिनं वडिलांकडून घेतली होती,
आणि पेला उपडा घालून ठेवला.
उद्या पुन्हा पहिल्या ओळीपासून.

ऑगस्टमध्ये तोक्योच्या गाड्या येतात.
टोपी घातलेला एक पोरगा मांडवाखाली खाता खाता थबकतो,
तोंडातून काहीतरी काढतो, तळहातावर धरतो.
"यात खडा आहे."
बारा हजारांत एखादा राहतोच.
तोमिए कमरेत वाकून त्याच्या आईची माफी मागते,
दुसरा घड देते, पैसे घेत नाही.
आई म्हणते, टाक तो.
पोरगा मूठ मिटतो.
गाडी वळणाआड जाईपर्यंत
काचेतून ती मूठ मिटलेलीच दिसते.