इतिवृत्त, मंगळवारच्या सभेचे

सभा साडेसहाची होती, सुरू झाली सातला.
उपस्थिती एकवीस.
मार्च संपत आलेला, धंतोलीच्या हॉलमध्ये
यंदा पहिल्यांदाच लावलेला कूलर
खिडकीत बसून कुरकुरत होता
एखाद्या आजीव सभासदासारखा.

विषय मीच टंकला होता :
एकल मातांसाठी रोजगार प्रशिक्षण, माहिती व चर्चा.
चर्चेत आम्ही सांबारवडी धरतो.

पाहुण्या पराते मॅडम. सोबत
त्यांच्या केंद्रात शिकणारी छबू नंदनवार,
राहणार गोळीबार चौक,
आणि तिचा मुलगा, सातेक वर्षांचा,
ज्याच्यासाठी खुर्ची मांडलेली नव्हती.

अध्यक्ष खानोरकर म्हणाले, शिलाई मशिनी देऊ. अकरा.
मागच्या वर्षी नऊ दिल्या होत्या.
टाळ्या.
मॅडम म्हणाल्या, नऊपैकी पाच मी पाहून आले.
दोन विकल्या गेल्या. एकीवर टीव्ही ठेवलाय.
दोन चालतात, फॉल-पिकोवर,
पण त्या गल्लीत सहाजणी तेच करतात.
रागावल्या नाहीत,
मीटरचं रीडिंग घ्यावं तसं सांगितलं.

मग छबू उभी राहिली.
"मी वायंडिंग शिकून राहिली,
कूलरच्या मोटरीचं, पंपाचं.
माय माझी सुताच्या कांड्या भरे,
बाप मागावर.
मी तांब्याची तार भरते.
वेढे मोजा लागते जी. एक कमी नाही, एक जास्त नाही.
मधातच यानं आई म्हणून हाक मारली
का मोजणी गेली.
मंग पहिल्यापासून."

कुणी तरी हसलं.
लुले वकिलांनी विचारलं, मग अडचण काय आहे?
"तीन ते सहा," ती म्हणाली.
आम्हाला वाटलं, पगार सांगतेय, हजारांत.
"तीनले याची शाळा सुटते. सहाले माहा क्लास.
मधातले तीन घंटे याले कोण पाहीन,
तुमीच सांगा."

एकवीस माणसं,
त्यातली चौदा निवृत्त,
आपापल्या बशीत पाहू लागली.

मी अर्जाचा नमुना पुढे केला. चिटणीसाचं काम तेवढंच.
तिचं बोट ओळीओळीनं उतरत
सहाव्या ओळीवर थांबलं :
पतीचे नाव, अनिवार्य.
"हे काहून?"
मी म्हणालो, नमुना जुना आहे.
जानेवारीत मीच केलेला.

आभारप्रदर्शन झालं. राष्ट्रगीत. फोटो.
फोटोत मुलगा खुर्चीवर उभा,
अध्यक्षांच्या खांद्याला खांदा लावून.
ठराव : मशिनींचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
सूचक मी.
अनुमोदक, बराच वेळ कुणी नाही,
मग लुले.

जाताना ती कूलरपाशी थांबली, कान दिला.
"बुश गेलं याचं. दोन दिवस काढीन."
मी वीज मंडळात चौतीस वर्षं काढली,
मला नुसता आवाज ऐकू येत होता.

रात्री अर्ज उघडला. सहावी ओळ पुसली.
पाचानंतर सात,
आकडे आपोआप सरकले नाहीत.
म्हणून मोकळ्या जागेत लिहिलं :
दुपारी तीन ते सहा मूल कोणाकडे असते?
उत्तराला जागा किती सोडावी, कळेना.
आधी अर्धी ओळ सोडली.
मग दोन.
मग उठून पाणी प्यालो.
त्या तीन तासांत मी काय करतो
हे कुठल्याही अर्जात
आजवर मला कुणी विचारलेलं नाही.

गुरुवारी हॉलच्या चौकीदाराचा फोन आला,
साहेब, कूलर बंद पडला.
मी आडवा झालेलो. डोक्यावर पंखा.
भिंतीवर तीन वाजून दहा मिनिटं.