जोडाक्षराला दीडपट

थंडीत जालन्याला स्वेटरवाले येतात,
गांधी चमनच्या बाजूला बांबू रोवतात,
निळी ताडपत्री, लोकरीचे ढीग,
आणि गल्ल्यामागे नवांग, सत्तरीच्या पुढचा,
मराठी येते ती भावापुरती:
"फिक्स आहे ताई, फिक्स."

त्याला पाटी हवी होती.
मी म्हटलं, फ्लेक्स देते, तासाभरात.
तो म्हणाला, हाताची.
हाताची पाटी आता जालन्यात कोण करतं?
माझा बाप. लिंबाजी पेंटर.
ज्याचं दुकान माझ्या मशीननं खाल्लं
(मशीनसाठी कर्ज त्यानंच काढलं होतं).

ब्रश पाच वर्षं रॉकेलात पाय सोडून बसलेले.
बापानं ते पुसले, दोऱ्याला खडू लावला,
टणकन रेघ मारली,
अक्षरं लिहिली, शिरोरेघ सगळ्यात शेवटी.
"आधी माणसं बसू द्यायची, मंग छप्पर."

नवांगनं बघितलं.
खोक्याचं झाकण फाडलं, बांबूची काडी तिरपी तासली
आणि आधी छप्परच घातलं.
मग त्याखाली अंग. मग शेपूट.
प्रत्येक अक्षराला आपापलं छप्पर, शेजाऱ्याला न चिकटलेलं.

बाप वाकला, चष्मा कपाळावरून नाकावर.
"ह्यो म हाय."
म-च होता.
"आन ह्यो?"
नवांगनं मोडक्या हिंदीत सांगितलं:
हा ण. हा आवाज आमच्या तोंडात नव्हता,
तुमच्याकडून मंत्र आला तेव्हा त्यात होता,
मग आम्ही आमचा न उलटा केला आणि त्याला जागा दिली.

ॐ मणि पद्मे हुं.

बाप ताठ झाला.
"आमच्यात मंत्र न्हाई चालत, बाबा.
आमी बावीस प्रतिज्ञावाले.
विहारातली समिती मलाच विचारील."
नवांग हसला. कळलं नसावं, किंवा सगळंच कळलं असावं.
बाप परत वाकला.
"पर अक्षर लई बेस."

द्मे-पाशी बोट थांबलं.
द-च्या खाली म, खांद्यावर घेतल्यासारखा.
"आपण बाजूला धरतो, ह्ये डोक्यावर घेतात.
जोडाक्षराला दीडपट."
सहा अक्षरं, त्यात एक जोड, साडेसहा,
अक्षरामागं वीस:
पाटीच्या बिलातून बापानं एकशे तीस वजा केले.

घरी येताना आज्याची गोष्ट निघाली.
निजामाच्या काळात पंतोजीच्या पडवीबाहेर
आज्या शेळ्या वळायचा.
आतून पोरं घोकायची: ओ ना मा सी धं.
आज्याला वाटलं, कुणाला तरी हाका मारतायत.
त्यानं एका शेळीचं नाव ठेवलं ओनामा.
ती यायची म्हणे, हाक मारली की.

मी नंतर वाचलं,
त्यातल्या सिद्धं-वरून एका लिपीला नाव पडलं,
ती चीनला गेली, जपानला गेली,
तिथले भिक्खू अजून कुंचल्यानं गिरवतात.
एवढ्या लांब गेली ती.
पडवीची भिंत मात्र तिला ओलांडता आली नाही.

फेब्रुवारीत बांबू निघाले, जमिनीत भोकं राहिली.
झाकण आमच्याकडं.
बाप पहाटे ओट्याच्या शहाबादीवर
पाण्यात ब्रश बुडवून लिहितो,
सहाही नाही, एकच अक्षर:
तो उलटा न.
शेपटीशी येईतो डोकं वाळून जातं.

काल विचारलं, समितीनं पाहिलं तर?
"जप कुठं करतोय? गिरवतोय."
पण हेच का? आपल्याकडं आहे की ण.
तो फरशीकडंच बघत म्हणाला,
"परक्या तोंडातलं अक्षर.
त्याला घरात घ्यायला त्यांनी आपलं अक्षर उलटं केलं.
आपल्याला तर कुणी सरळ दारातूनबी..."

पुढचं बोलला नाही. ब्रश झटकला.
आत मशीन पिंपिं करत होतं,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स
अर्ध्या चेहऱ्यावर अडकला होता.