पाच अक्षरं

लेबलं डकवायला मी होतो, म्हणून मला विचारा.
बाकीचे तुम्हाला मुंबईच्या जाहिरातवाल्याचं नाव सांगतील.
तो आला होता, खोटं कशाला बोलू.
भद्रकालीत मिसळ खाल्ली, घाम पुसला,
‘आमुची मैना, कधीच पडेना’ एवढं कागदावर लिहिलं
आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.
बिल मात्र टपालानं आलं.

पण त्याआधी तांब्या.
तांबट आळीत त्रिंबकचा एक ठोका चुकला,
बूड गोल झालं.
गिऱ्हाईक म्हणालं, हा बसत नाही,
पैसे कशाचे देऊ?
दोन महिने फळीवर लोळत होता.
मग धाकट्या यमूनं त्याला काजळानं डोळे काढले,
तळाशी गंगेवरची मूठभर वाळू,
वर डांबर, रस्त्याच्या पिंपातलं, चोरून.
ढकलला तर उठला.
पुन्हा ढकलला, पुन्हा उठला,
आणि त्रिंबक, जो कधी हसायचा नाही,
जेवण सोडून त्याला ढकलत बसला.

तांबं परवडेना, पत्रा आला.
पत्र्यामागून पत्र्याची उधारी.
नोटा छापतं हे गाव, तिकडे नाशिकरोडला, रात्रपाळीनं;
आमच्या आळीत आल्या त्या चुरगळलेल्या,
आणि त्याही दुसऱ्याला देण्यासाठी.

लखीचंद शेट वसुलीला आला तो दिवस.
दारातच एक मैना वाळत ठेवलेली, ओल्या रंगाची.
शेटनं तिला बुटानं लाथ मारली.
ती डुलली, उभी राहिली.
शेटनं आणखी एक मारली.
बुटाला हिरवा रंग.
कौतिकाबाई ब्रश चालवत होती,
तिनं मान वर केली नाही.
एवढंच म्हणाली,
‘पाडून बघा, शेट.’

मी डिंकाच्या वाटीशी होतो.
ऐकलं.

बशीर पेंटर अक्षराला आठ आणे घ्यायचा.
काना, मात्रा, उकार फुकट,
रेघ वरची तर त्याची स्वतःची हौस.
मुंबईच्या ओळीची अक्षरं त्यानं बोटावर मोजली
आणि त्रिंबकच्या तोंडाकडे बघितलं.
मी म्हटलं, बाई म्हणाली ते लिहा. पाचच आहेत.
पा. डू. न. ब. घा.
अडीच रुपयात द्वारकेच्या कोपऱ्यावरची अख्खी भिंत.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल.
सिन्नरपासून ओझरपर्यंत, दिंडोरीच्या एस्टी थांब्यावर,
पैलवानांच्या तालमीत, सासुरवाशिणींच्या तोंडी.
पंचवटीतल्या एका उमेदवारानंही पत्रकावर छापलं,
फोटोखाली, ठळक.
लोकांनी बघितलं पाडून.
एक्केचाळीस मतांनी.

एका साली दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं.
गोदामातल्या दोनशे मैना पुरात गेल्या.
पुलावर उभे होतो आम्ही, त्रिंबक, मी, यमू.
सगळ्या उभ्याच वाहत होत्या,
माना हलवत, लग्नाला निघाल्यासारख्या.
त्रिंबक एकदा म्हणाला, मोजा रे.
मग म्हणाला, नको.

प्लास्टिक आलं तेव्हा कारखाना बसला.
तो काही उठला नाही.
कौतिकाबाईला कुणी विचारलं नाही कधी;
मी एकदा विचारलं, म्हातारपणी,
तर म्हणाली, मी? मी कधी म्हणाले?
मी शेटला पाणी विचारलं असेल.

भिंत अजून आहे, अर्धी.
मोबाइलवाल्यानं ‘पा’वर त्याचा फलक ठोकलाय.
उरलंय ‘डून बघा’.
शाळा सुटली की पोरं तिथं एका पायावर उभी राहतात,
एकमेकांना खांद्यानं ढकलतात,
जो पडेल तो आउट.
खेळाचं नाव काय, मी विचारलं.
‘डून,’ पोरगं म्हणालं, ‘एवढं पण माहीत नाही?’

नाही म्हटलं.
कसा खेळतात, दाखव.