बोरी

धानाचा काटा साडेपाचला बंद होतो.
वही मिटते, केसांतलं कुसळ झटकते,
एक रिकामी बोरी घडी करून कॅरियरला लावते.
कोसमटोल्यात आज खडी गंमत.

"कोनासंग जाऊन रायली?"
शेवंता कुंपणावरून विचारते.
बोरीसंग, म्हणते मी.
तिला वाटतं, नाव लपवते.

पहिल्या वेळी दोघी जाणार होतो.
तिच्या पोराला ताप भरला
आणि मी नहराच्या पुलावर
एक पाय टेकून कितीतरी वेळ उभी.
परत फिरावं, तर घरी काय होतं?
सकाळचं वरण.

एकट्यानं रडायचं तर दार लावून घ्यावं,
एवढं ठाऊक होतं.
हसायचं कसं, ते नव्हतं.
पहिल्याच टोल्याला हात आपसूक उजवीकडे गेला,
कुणाच्या तरी मांडीवर थाप द्यायला.
थाप तणसावर पडली.
पुढची बाई मागे वळून बघून
पुन्हा आपल्या जावेकडे वळली.

तेव्हापासून मी पेटीवाल्याकडे बघते.
मोतीराम लांजेवार, मफलर कानावरून.
त्याला सगळं पाठ.
नाच्याचा पदर कधी सुटणार,
यादोराव कुठे अडखळल्यासारखं करणार,
लोक कुठे शिट्टी मारणार.
तो हसत नाही, भाता ओढत राहतो.
कधीतरी यादोरावच्या तोंडून
न ठरवलेलं काही निसटतं
आणि पेटी एक क्षण चुकते.
मी त्या चुकीसाठी जाते.
सात किलोमीटर, कधी अकरा.

पौषात, चिखलीच्या पटावर,
मी बायकांच्या घोळक्यापासून जरा सुटून बसले होते.
यादोराव थेट समोर येऊन उभा.
गालावर पावडर, कमरेला टॉवेल.
"बाई, एकल्याच? मालक कोठं हायेत?"
ढोलकी थांबली.
चार गावं माझ्याकडे बघत होती.
मला बोलायचं नव्हतं. तोंडातून निघालं,
"इथिसा बसाले बोरी लागते बाप्पा,
मालक लागत नाई."

मंडप नुसता फुटला.
मागे एक म्हातारा खोकेपर्यंत हसला.
मोतीरामनं दोन्ही हात पेटीवरून उचलले.
सगळे हसत होते, मी सोडून.
माझे कान तापले होते,
आणि बोरीचा एक दोरा
मी बोटाला गुंडाळत होते, गुंडाळत होते.

हसू आलं तिसऱ्या दिवशी, काट्यावर,
एका बोरीचं वजन एक्केचाळीस पाचशे सांगताना.
शेतकरी म्हणाला, कमी भरलं का?
नाही, म्हटलं, बरोबर आहे.
आणि पुन्हा हसले.

मग महाशिवरात्रीला, परसोडीत,
मी मागे होते, खांबाच्या आडोशाला.
नाच्या ठुमकत आला.
यादोरावनं विचारलं, बाई, मालक कोठं हायेत?
आणि नाच्या, मान वेळावून, माझ्याच आवाजात
(मी इतकी नाकातून बोलते?)
"बसाले बोरी लागते बाप्पा..."

लोक कोसळले.
पुढची बाई जावेच्या मांडीवर थाप देत होती.
माझं वाक्य माझ्याशिवाय
सगळ्यांकडे जाऊन आलं.
मोतीरामनं मान वर केली,
उजेडातून अंधारात शोधलं,
खांबापाशी मी सापडले
आणि त्याचा एक सूर
जरुरीपेक्षा जास्त वेळ लांबला.
त्या रात्री मी सगळ्यांच्या मागून हसले.
का, ते तिथे दोघांनाच माहीत.

शेवंताला सांगितलं.
ती म्हणाली, पैसे माग त्याले.
मग भांडी विसळता विसळता म्हणाली,
"मंगरवारी किन्हीले हाय नं?
माही बी बोरी घे."

घेतली.
ती आली नाही. भाचा आला म्हणे सुरतेहून.
नहरावरून वारा कापत होता.
एका बोरीवर बसले,
दुसरी पांघरली.