पोकळ लादी

डिचोलीच्या पलीकडे, जिथं रस्ता अजून
खाणीच्या ट्रकांसाठी रुंद आहे
आणि ट्रक नाहीत,
तिथं सड्यावर उतरलो. बारा वर्षांनी.
सोबत बायको, डबा, आणि माझे गुडघे,
जे आता डॉक्टरांच्या मालकीचे.

विहार लांबून दिसत नाही.
चिऱ्याच्या भिंती सड्याच्याच रंगाच्या,
जमीन जराशी उचलून कुणी
खाली बसायला जागा करावी तशा.
घुमट नाही, कळस नाही.
छताला मधोमध गोल भोक.
त्यावरून ब्रागांझा मेस्त
आर्किटेक्ट बाईशी तीन दिवस भांडला:
"पाऊस आत येईल, बाय!"
"येऊ दे," ती म्हणाली.

बुद्ध आला तो टेम्पोतून,
गादीच्या जुन्या खोळीत, उजव्या कुशीवर.
सहाजणांनी उतरवला.
सावकाश, सावकाश, म्हणत होतो सगळे.
एकमेकांना की त्याला, कुणास ठाऊक.

लाद्या माझ्या. तीनशे बारा.
त्यातली एक, उत्तरेच्या खांबापासून सातवी,
घाईत बसली. खाली माल कमी पडला.
पोदेर भोंगा वाजवत वर चढत होता
आणि मला भूक होती.
कुणाला बोललो नाही.
पुढं कुठल्याही घरात काम करताना
ती एकच लादी पायाखाली यायची.

आज चपला काढून सरळ तिच्याकडे गेलो.
तिच्यावर एक मुलगी डोळे मिटून बसलेली,
केसांत समुद्राची वाळू.
थांबलो.
बायको खांबाला टेकून बाहेर बघत होती:
करवंदीची जाळी, तिच्यामागे खाणीचा खड्डा,
त्यात पाणी, औषधासारखं हिरवं.
"त्यात मासे असतील?" तिनं हळूच विचारलं.
मला माहीत नव्हतं.

मुलगी उठून गेली.
वाकलो. बोटाच्या पेरानं ठोकलं.
टक्. टक्.
ढब.
आहे.

झाडू टेकवून तांबेबाई हसल्या.
"ती होय? ती पहिल्यापासून तशीच बोलते.
पोरं आली की तिच्यावरच नाचतात."
"बदलून देतो," मी म्हटलं, "अर्ध्या दिवसाचं काम."
त्यांनी लादीकडं पाहिलं,
मग माझ्या गुडघ्यांकडं.
"आधी जेवून घ्या."

पायरीवर डबा सोडला.
छतातून पडलेलं ऊन तेव्हा पाचव्या लादीवर होतं.
हात धुऊन आलो तर
सहावीवर.