बंदर ५४३२

बेतूलच्या जेटीवर बंदीचे दिवस.
ट्रॉलर एकमेकांना टेकून उभे,
बर्फाच्या कारखान्याचं मशीन गप्प.
असल्या दिवसांतच सोसायटीला आठवतो मी,
फोंड्याहून येणारा, लॅपटॉपवाला, चहा बिनसाखरेचा.

काम तासाभराचं. नवं ॲप डेटाबेसला जोडून द्यायचं.
होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड:
एक रकाना चुकला तरी दार बंद.
फिलू विचारते, पोर्ट म्हणजे बंदरच ना?
तसंच, म्हणतो मी. एका यंत्राला हजारो बंदरं,
आपली होडी ५४३२ ला लागते.
ती खिडकीबाहेर बघते. "आमचं एकच,
आणि तेही गाळानं भरलंय."

जुनं ॲप कुणाच्या नावानं आत जायचं, ते बघितलं.
कुस्तोद.
फिलूचा बाप, बावीस वर्षं इथला सेक्रेटरी.
गेल्या वर्षी मे महिन्यात गेला,
आणि त्यानंतरही रोज पहाटे चारला
त्याच्याच नावानं लिहिले गेले डिझेलचे लिटर,
बर्फाच्या लाद्या, बांगड्याच्या पाट्या, पागींची उधारी.
कोण मेलं ते सर्व्हरला मुद्दाम कळवावं लागतं.

पासवर्ड कोडमध्येच उघडा पडलेला:
स्टेलामारिस७९. त्याची पहिली होडी.
असं कुणी ठेवतं का, म्हणणार होतो,
तोच फिलू म्हणाली, कपाटाच्या दारावरही आहे,
आतल्या बाजूनं, खडूनं.

नवा युजर केला.
वाचायची मुभा दिली, भर घालायची दिली,
खोडायची नाही.
पासवर्ड चोवीस अक्षरांचा, कुठल्याच होडीचा नसलेला,
वेगळ्या फायलीत, फक्त यंत्रानं वाचावी अशा.
जोडून पाहिलं. नकार.
पुन्हा. नकार.
होस्टच्या शेपटीला चिकटलेली एक रिकामी जागा,
दिसत नाही, पण अडवते.
ती पुसली, आणि लागलं.

राहिलं जुनं नाव काढणं. ओळ लिहिली, एंटर मारलं.
उत्तर आलं:
हा युजर काढता येत नाही.
काही गोष्टी याच्यावर अवलंबून आहेत.
खाली यादी. होड्या. तांडेल. बर्फ. उधारी.
बुडालेल्यांच्या घरची मदत.
अकरा तक्ते, सगळे त्याच्या मालकीचे.

फिलूला वाचून दाखवलं.
ती रडली नाही.
म्हणाली, "घरांतूय तशेंच आसा."

मालकी फिरवायची आज्ञा मला येते.
त्याचं सगळं दुसऱ्याच्या नावे, एका ओळीत;
साक्षीदार नको, नोटरी नको,
घराच्या कागदांपायी ती वर्षभर घालतेय
तसले मडगावचे हेलपाटे नकोत.
बोट एंटरवर होतं.
"आयज नाका," ती म्हणाली.
"एक ऑगस्टला होड्या उतरतात. तोवर राहू दे."

राहू दिला. फक्त लॉगिन बंद केलं:
आत येणार नाही, यादीत असेल.
बिलावर लिहिलं,
जोडणी, एक.