दोन्ही बाजूंनी छापलेली

पहाटे साडेचार. कन्नमवार नगर, विक्रोळी.
पाणी यायच्या आत शाल्मलीचा फोन येतो.
तिकडे ओहायोत संध्याकाळचे सात,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची पहिली मतपत्रिका.
"आप्पा, बघा तरी. दोन्ही बाजूंनी छापलीय."

मी चष्मा पुसतो.
एकतीस वर्षं चर्नी रोडच्या छापखान्यात खिळे जुळवले.
गुलाबी विधानसभा, पांढरी लोकसभा.
अजून कागद समोर आला की आधी समास बघतो,
मग नावं.

"चिन्हं कुठायत गं?"
चिन्हं नसतातच, म्हणाली.
पतंग नाही, शिडी नाही, शिलाई मशीन नाही.
नावाशेजारी साबुदाण्याएवढी पोकळ अंडाकृती,
ती काळ्या शाईने भरायची.
आमच्या इंदूआत्याने काय केलं असतं?
तिला फक्त नारळ वाचता यायचा.

"आणि राष्ट्राध्यक्ष कुठल्या ओळीत?"
"तो नाहीये यात. त्याला अजून दोन वर्षं आहेत."
तरी शेजारच्याने त्याच एका नावापायी
हिरवळीत पाटी रोवलीय म्हणे,
आणि समोरच्याने दुसरी, त्याहून मोठी.

ती वाचत जाते.
सिनेटर. प्रतिनिधी. गव्हर्नर.
मग अक्षरं बारीक होत जातात:
राज्याचा हिशेबतपासनीस,
वाचनालयासाठी आणखी पाच वर्षं कर,
न्यायाधीश, तीन जागा.
"यांच्यातलं मी कुणालाच ओळखत नाही. कोरं सोडू?"

कोरी जागा रिकामी नसते, बाळ.
तिथेही खिळा बसवावा लागतो,
बुटका,
शाई न लागणारा.
तो काढलास तर अख्खी ओळ सरकते.

ती हसते. म्हणते, छापखाना सोडा आता.
कागद उलटते.

मागे, अगदी तळाला, एकच प्रश्न.
गावातले शिशाचे जुने नळ उपसून नवे घालावेत,
त्यासाठी गावाने कर्ज काढावं का?
होय.
नाही.

शिसं म्हटल्यावर मी बोटांकडे बघतो.
सुट्टीच्या भोंग्याला हातावर गुळाचा खडा ठेवायचे,
अंगात उतरू नये म्हणून.
उतरायचं ते उतरलंच.
आमच्यातला जयवंत पाताडे शेवटी शेवटी
स्वतःचं नावसुद्धा उलटं वाचायचा,
आम्हाला वाटायचं, धंद्याची सवय.

"आप्पा? तुम्ही काय केलं असतं?"

मी किती मतपत्रिका जुळवल्या, मोजलं नाही.
माणूस निवडा, एवढंच होतं सगळ्यांवर.
नळाचं कुणी विचारलं नव्हतं.

मोरीत नळ खोकतो, मग गुरगुरतो.
"थांब," म्हणतो, "पाणी आलं."

पहिली बादली तांबूस.
रोज ती मी न बघता ओतून देतो.

आज उचलून
फोनसमोर धरतो.